नागपूरच्या गिरणीपासून ताजच्या उंबरठ्यापर्यंत

कामगाराचे आरोग्य आणि त्याची कामावरील निष्ठा यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न आज हॉटेल व्यवसायातील प्रत्येक व्यवस्थापनाला सतावतो आहे. मुंबईत ताजमहाल हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांनाही तो पडला होता. मात्र त्याचे उत्तर त्यांनी हॉटेलात नव्हे, तर नागपूरच्या एका कापड गिरणीत शोधले.

१६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर एका नव्या हॉटेलचे दरवाजे उघडले. गेटवे ऑफ इंडियाची कमान तेव्हा अस्तित्वात नव्हती; ती पूर्ण व्हायला १९२४ साल उजाडावे लागले. हॉटेलचेही सगळे काम संपलेले नव्हते. पहिल्या दिवशी मुक्कामाला आलेले पाहुणे होते अवघे सतरा. हॉटेलचे मालक चौसष्ट वर्षांचे होते आणि त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

म्हणजे आपल्या हॉटेलचा कारभार कसा चालतो, हे पाहण्यासाठी जमशेटजी नसरवानजी टाटा यांना फारसा अवधी मिळालाच नाही. तेथील वेटर, खानसामे, धोबी आणि द्वारपाल यांच्यासाठी सविस्तर नियमावली घडवणे त्यांच्या हातून होणे शक्य नव्हते. तरीही भारतीय हॉटेल व्यवसायात कर्मचाऱ्यांच्या निष्ठेचा विषय निघाला, की त्यांच्या नावापाशी येऊन थांबावे लागते. याचे कारण शोधायचे, तर मुंबईचा समुद्र सोडून विदर्भाच्या उन्हात जावे लागते.

नवसारीहून मुंबईकडे

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती. टाटा घराणे पारशी धर्मगुरूंचे. पिढ्यान्‌पिढ्यांचे पौरोहित्य सोडून व्यापारात उतरणारे घराण्यातील पहिले पुरुष म्हणजे जमशेटजींचे वडील नसरवानजी. चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा वडिलांपाठोपाठ मुंबईला आला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला आणि १८५८ साली शिक्षण पूर्ण करून वडिलांच्या पेढीत दाखल झाला.

पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी हाँगकाँगला झाली. कापूस आणि अफू या तेव्हाच्या चीन व्यापारातील दोन प्रमुख जिनसा होत्या आणि टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरचा कापूसपुरवठा तुटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. जमशेटजी पेढीच्या कामासाठी लंडनला पोहोचले. पण १८६५ साली युद्ध थांबले आणि मुंबईचा बाजार कोसळला. हातातील हुंड्यांना किंमत उरली नाही.

पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या तरुणाने लंडनमध्ये धनकोंना तोंड चुकवले नाही. जी परिस्थिती होती ती त्यांनी उघडपणे मांडली. परिणामी देणी मिटवण्याच्या व्यवहाराचे काम धनकोंनी त्यांच्यावरच सोपवले. माणसाशी सचोटीने वागले, तर अडचणीतही माणूस सोबत राहतो, हा अनुभव त्यांना उमेदीच्या वर्षांतच आला.

१८६८ साली एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळी येथील बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली, ती चालती केली आणि दोन वर्षांत नफ्याने विकूनही टाकली. त्यानंतर त्यांनी पुन्हा इंग्लंड गाठले. या वेळी कापूस विकण्यासाठी नव्हे, तर लँकेशायरच्या गिरण्या बारकाईने पाहण्यासाठी.

दलदलीतील गिरणी

मुंबईत गिरण्या निघत असताना जमशेटजींनी नागपूर निवडले, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. त्यांचा हिशेब सरळ होता. कापूस पिकतो तो वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीत. कोळसा जवळच वरोऱ्याला. रेल्वे नागपूरपर्यंत येऊन पोहोचलेली. मग कापूस मुंबईला नेऊन, सूत काढून, कापड पुन्हा नागपूरला आणण्यात शहाणपण कोणते? १८७४ साली पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली आणि तिच्यात भर घालण्याचे काम सुरू झाले. ते पाहून एका स्थानिक सावकाराने या उद्योगात पैसे घालण्यास नकार दिला. जमिनीत सोने पुरणाऱ्याच्या नादी आपण लागणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. माती पुरून सोने काढणारा हा गृहस्थ होता, अशी कबुली त्याच सावकाराने पुढे दिल्याची कथा प्रसिद्ध आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या नावे भारताच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग असा तिचा पसारा होता. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. सुताचा त्यांना अनुभव नव्हता. माणसांचा मात्र दांडगा होता.

माणसांचीच कसोटी लागायची होती. ज्या वर्षी गिरणी सुरू झाली, त्याच वर्षी मजुरीच्या दरांवरून तेथे संप झाला. भारतातील नोंद झालेल्या अगदी पहिल्या गिरणी-संपांमध्ये त्याची गणना होते. कामगार कल्याणाचा आदर्श म्हणून पुढे गाजलेल्या गिरणीचा आरंभ असा असंतोषातून झाला, ही गोष्ट तिच्या गौरवगाथांमध्ये सहसा येत नाही. पण ती विसरून पुढचे काही नीट कळणार नाही.

खाड्यांचे कोडे

संप मिटला, तरी दुसरे दुखणे कायम होते. ते म्हणजे खाडे. कोष्ट्यांची विणकरीची परंपरा नागपूरला होती. आसपासच्या खेड्यांतून आलेले दलित शेतमजूरही गिरणीत लागले. पण भोंग्याच्या तालावर दिवस काढण्याची सवय कोणालाच नव्हती. शेतीची कामे, लग्नसराई, सणवार, आजारपण, नातलगांकडची ये-जा अशा कारणांनी साचे रिकामे राहत. आणि गिरणीत एक माणूस आला नाही, की त्याच्या मागेपुढे असलेल्या चौघांचे काम खोळंबते.

यावर त्या काळी एक ठरलेला उपाय होता. दंड करायचा, पगार कापायचा, मुकादमाकरवी दटावायचे आणि तरीही जमले नाही तर दुसरा माणूस घ्यायचा. कायद्याचा धाक नव्हताच. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आणले. प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांना मर्यादा येण्यासाठी १९११ साल उजाडले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याची एक हक्काची सुट्टी मिळवण्यासाठी त्यांना १८९० पर्यंत झगडावे लागले, यावरून मालकवर्गाची वृत्ती कळून येते.

नागपुरात जमशेटजी आणि बेझनजी यांनी खाड्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. माणूस कामावर का येत नाही, यापेक्षा त्याने का यावे, हा प्रश्न त्यांनी विचारला. रोजचा पगार तर दुसरीकडेही मिळतो. मग या गिरणीशीच नाते जोडावे, असे तिच्यात काय आहे?

उत्तरे हळूहळू आकाराला आली. नियमित आणि चांगले काम करणाऱ्यांसाठी बक्षिसे सुरू झाली. वार्षिक समारंभात सर्वांसमक्ष कापड, घड्याळे, पदके दिली जाऊ लागली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी स्थापन झाला. १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळू लागली. १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी आला. या तारखांचे महत्त्व समजण्यासाठी त्यांच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवाव्या लागतात. कामगार नुकसानभरपाईचा कायदा भारतात १९२३ साली झाला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. जे देण्याची सक्ती सरकारने पुढे अनेक दशकांनी केली, ते नागपूरच्या एका गिरणीत आधीच चालू होते.

निधी हा भविष्याचा विचार झाला. दिवसभराच्या शरीरकष्टांचाही विचार गिरणीच्या रचनेत होता. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तुटते आणि माणूस कोमेजतो. हवेत ओलावा सोडणारी यंत्रे, आगीपासून संरक्षण देणारी तुषारयंत्रणा, खेळती हवा, गाळलेले पिण्याचे पाणी, स्वच्छतेची सोय, दवाखाना आणि धान्याचे दुकान या गोष्टी गिरणीच्या आवारात आल्या. यातील काही यंत्रे मुळात सुताच्या आणि इमारतीच्या रक्षणासाठी होती, हे मान्य केले पाहिजे. पण सूत आणि माणूस या दोघांचे हित एकाच यंत्रात साधत असेल, तर जमशेटजींना त्यात वावगे वाटत नव्हते. उलट त्यांच्या विचाराचा गाभा तोच होता. कामगारांसाठी केलेला खर्च हा दानधर्म नव्हे, तर उद्योगाच्या पायातील दगड होय, अशी त्यांची धारणा होती. भागधारकांचे हित आणि कामगारांचे स्वास्थ्य यांना ते एकमेकांचे आधार मानत.

यामुळे गिरणीतील प्रश्न संपले, असे नव्हे. मजुरी कमीच होती, दिवस लांबच होता. मात्र पिढीमागून पिढी त्याच गिरणीत काम करणारी कुटुंबे तयार झाली आणि एम्प्रेस मिल नागपूरच्या जीवनाचा भाग बनली.

कुर्ल्याचा धडा

हा अनुभव सर्वत्र जसाच्या तसा लागू पडत नाही, हे जमशेटजींना कुर्ल्यात कळले. १८८६ साली त्यांनी तेथील डबघाईला आलेली धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली आणि तिचे नाव ठेवले स्वदेशी मिल. नाव नवे होते. यंत्रे मात्र जुनी आणि मोडकळीला आलेली. त्यातच पुरेसे कामगार मिळेनात. मुंबईत गिरण्या पुष्कळ. त्यामुळे माणूस आज येथे, उद्या शेजारी. मालाचा दर्जा घसरला, चीनच्या बाजारपेठेत गिऱ्हाईक नाराज झाले आणि कंपनीचे शेअर कोसळले.

गिरणी वाचवण्यासाठी जमशेटजींना नागपूरच्या अनुभवी माणसांची मदत घ्यावी लागली आणि आपले खासगी भांडवलही ओतावे लागले. काही वर्षांनी स्वदेशी मिल सावरली. नागपुरात वर्षानुवर्षे जी माणसे जपली, तीच कुर्ल्याच्या संकटात कामी आली. निष्ठा बाजारात विकत मिळत नाही, ती आधी पेरावी लागते, हे या दोन गिरण्यांच्या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके अन्यत्र क्वचितच होईल.

प्लेगचे शहर आणि एक भटारखाना

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. लाखो माणसे गावाकडे निघाली. कोकणची, घाटावरची गिरणी कामगारांची कुटुंबे बोजा बांधून बाहेर पडली. उरलेल्या मजुरांसाठी गिरणीमालकांमध्ये चढाओढ लागली. रस्त्याच्या कोपऱ्यांवर रोजंदारीच्या बोली होऊ लागल्या. कामगारांचे कैवारी लोखंडे प्लेगग्रस्तांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वतःच त्या रोगाला बळी पडले.

अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे कोंबून चालवलेल्या औद्योगिक नगरीचे काय होते, हे प्लेगने दाखवून दिले. आरोग्य ही कामगाराची खासगी बाब नसून शहराच्या अस्तित्वाची बाब आहे, हे नागपुरातील खाड्यांनी जे हलक्या आवाजात सांगितले होते, ते प्लेगने आक्रोश करून सांगितले.

याच काळात जमशेटजींनी अपोलो बंदराजवळची समुद्रालगतची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. तेथे हॉटेल उभारण्याचा त्यांचा बेत ऐकून घरचे लोकही चकित झाले. बंगळूरला विज्ञानसंस्था, पोलादाचा कारखाना, वीजनिर्मिती असे मोठमोठे मनोरथ रचणारा आपला भाऊ आता भटारखाना काढणार का, अशी थट्टा बहिणीने केल्याचे सांगितले जाते.

या हॉटेलच्या जन्माविषयी एक लोकप्रिय कथा आहे. वॉटसन हॉटेलात भारतीय म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही ती कथा. तिला भक्कम आधार नसल्याचे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. प्लेगने बदनाम झालेल्या मुंबईला पुन्हा प्रतिष्ठा मिळावी, परदेशी प्रवाशाला उतरण्याजोगी जागा या शहरात असावी, ही कारणे जमशेटजींच्या स्वभावाशी अधिक जुळणारी आहेत. हॉटेलच्या मालकीतून पैसा मिळवण्याची त्यांना फारशी हौस नव्हती. कंपनीचा पैसा न वापरता त्यांनी यात स्वतःच्या खिशातून रक्कम घातली.

पडद्यामागचे हॉटेल

इमारतीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या वास्तुविशारदांनी केला. वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केले. मूळ प्रवेशद्वार समुद्राच्या नव्हे, तर शहराच्या बाजूने होते. युरोपच्या प्रवासात जमशेटजी स्वतः हॉटेलसाठी वस्तू निवडत हिंडले. विजेची सामग्री जर्मनीतून, पंखे अमेरिकेतून, नृत्यगृहासाठी लोखंडी खांब पॅरिसहून आले. विजेच्या दिव्यांनी उजळलेली ही इमारत पाहायला मुंबईकर गर्दी करत.

पाहुण्याच्या डोळ्यांत भरणारे हे वैभव. पण जमशेटजी गिरणीमालक होते आणि गिरणीमालकाची नजर यंत्रघरावर असते. ताजच्या पोटात स्वतःचे धुलाईघर होते, बर्फ तयार करण्याचे यंत्र होते, सोडावॉटर भरण्याची व्यवस्था होती, भांडी धुण्याची आणि चांदीच्या भांड्यांना झिलई देण्याची यंत्रे होती. माल व माणसे वर नेण्यासाठी लिफ्ट होत्या. त्या काळच्या हॉटेलांत ही सारी कामे माणसांच्या पाठीवर आणि मनगटांवर चालत. कोळशाच्या भट्ट्या, उकळत्या पाण्याची घंगाळी, कपड्यांचे गठ्ठे आणि जिने यांतच नोकरवर्गाचा दिवस जाई. यंत्रांचा हेतू अर्थातच चोख सेवा हा होता. पण चोख सेवा थकलेल्या शरीराकडून होत नाही, हे नागपूरच्या मालकाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

हॉटेलातील काम एका बाबतीत गिरणीतील कामापेक्षा कठीण असते. गिरणीतल्या कामगाराला आपला थकवा लपवावा लागत नाही. साच्याला त्याचा चेहरा दिसत नाही. हॉटेलातील माणसाला मात्र रात्रपाळी, तासन्‌तास उभे राहणे, अवेळी जेवण आणि सणाच्या दिवशी हजेरी हे सारे हसतमुखाने सोसावे लागते. त्याचा चेहरा हाच कंपनीचा माल असतो. म्हणूनच या व्यवसायात आरोग्याचा आणि निष्ठेचा प्रश्न वेगळा करता येत नाही. आतून त्रासलेला माणूस काही दिवस हसेल. वर्षानुवर्षे हसणार नाही.

कागदावरचे गाव

अखेरच्या वर्षांत जमशेटजींचे मन पोलादाच्या कारखान्यात गुंतले होते. १९०२ साली परदेशातून त्यांनी थोरले चिरंजीव दोराबजी यांना एक पत्र लिहिले. कारखान्याची जागाही तेव्हा निश्चित झालेली नव्हती. पण कामगारांचे गाव कसे असावे, हे त्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट होते. रुंद रस्ते, दुतर्फा लवकर वाढणारी सावलीची झाडे, हिरवळी आणि बागांसाठी भरपूर जागा, फुटबॉल-हॉकीची मैदाने, आणि हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती या सर्वांच्या प्रार्थनास्थळांसाठी राखीव भूखंड अशा सूचना त्यांनी मुलाला केल्या.

जमशेटजींच्या पश्चात साकची या खेड्यात तो कारखाना उभा राहिला. १९१२ साली तेथे आठ तासांचा दिवस लागू झाला. १९१५ पासून मोफत वैद्यकीय सेवा मिळू लागली. १९१९ साली गावाला त्यांचे नाव देण्यात आले आणि जमशेदपूर नकाशावर आले. तरीही १९२० मध्ये आणि पुन्हा १९२८ मध्ये तेथील कामगारांनी मोठे संप केले. मैदाने आणि दवाखाने दिले म्हणून मजुरीचा आणि मानाचा प्रश्न मिटत नाही, हे नागपुरातील १८७७ च्या संपाने सांगितलेले सत्य जमशेदपुरानेही अधोरेखित केले. सोयी या न्याय्य वागणुकीला पूरक असतात. तिची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

एका रात्रीची परीक्षा

जमशेटजींना इंग्लंडमध्ये ब्रुकवूड येथील दफनभूमीत चिरविश्रांती मिळाली. हॉटेल मुंबईत राहिले आणि शहराच्या सुखदुःखात सामील झाले. पहिल्या महायुद्धात त्याचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले. पुढे शेजारी नवा मनोरा आला, देशापरदेशांत शाखा निघाल्या.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी ताजवर हल्ला केला. इमारत जळत होती, गोळीबार चालू होता आणि हॉटेलातील कर्मचाऱ्यांना मागच्या वाटा ठाऊक होत्या. त्यांना निघून जाता आले असते. तरीही दूरध्वनी कक्षातील मुली आपल्या जागी परतल्या आणि खोल्याखोल्यांतील पाहुण्यांना सावध करत राहिल्या. मुदपाकखान्यातील माणसे पाहुण्यांना बाहेर काढताना स्वतः आडवी उभी राहिली. मेजवानीच्या दालनातील तरुण कर्मचारी रात्रभर पाहुण्यांना धीर देत थांबले. हॉटेलात एकतीस जणांचा मृत्यू झाला. हार्वर्डच्या अभ्यासकांनी पुढे या घटनेचा मागोवा घेतला. त्यांच्या नोंदीनुसार मृतांपैकी अकरा जण हॉटेलचेच कर्मचारी होते.

मालकासाठी जीव देण्याचा करार कोणी केलेला नसतो आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. मग ही माणसे का थांबली? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने बक्षिसे किंवा भाषणे यांपेक्षा रोजच्या कारभाराकडे बोट दाखवले. लहान गावांतून आणि शहरांतून स्वभाव पाहून माणसे घेणे, त्यांना इतरांपेक्षा अधिक काळ शिकवणे, पाहुण्याच्या हितासाठी स्वतः निर्णय घेण्याची मुभा देणे आणि चांगल्या कामाची दखल तत्काळ घेणे ही ती कारणे. चांगल्या कामाची सर्वांसमोर दखल घेण्याची पद्धत ताजमध्ये २००१ पासून रीतसर राबवली जात होती. नागपूरच्या गिरणीतील वार्षिक बक्षीस समारंभाशी तिचे साम्य लपून राहत नाही. अर्थात, १८८६ चा निवृत्तिनिधी आणि २००८ ची रात्र यांना एका सरळ रेषेने जोडणे धाडसाचे ठरेल. मधल्या सव्वाशे वर्षांत अनेकांनी अनेक निर्णय घेतले. पण एखाद्या संस्थेची सवय कोठे सुरू झाली हे विचारले, तर बोट जुम्मा तलावाकडेच वळते.

उरलेला प्रश्न

आज हॉटेलांत कर्मचाऱ्यांसाठी योगवर्ग घेतले जातात, आरोग्य तपासणीची शिबिरे भरतात, समुपदेशनाची सोय केली जाते, व्यायामशाळेची सवलत मिळते. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र अशा उपक्रमांच्या मर्यादाही पुढे आल्या आहेत. अमेरिकेतील एका घाऊक विक्री कंपनीत दीड वर्ष केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आरोग्य कार्यक्रम राबवलेल्या आणि न राबवलेल्या शाखांची तुलना करण्यात आली. कार्यक्रमामुळे कर्मचाऱ्यांच्या काही सवयी सुधारल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. परंतु रक्तदाबासारख्या मोजमापांत, खाड्यांत किंवा कामाच्या दर्जात लक्षणीय फरक आढळला नाही.

जमशेटजींना हा निष्कर्ष ऐकून फारसे आश्चर्य वाटले नसते. त्यांनी कामगाराला व्यायामाचे धडे दिले नाहीत. त्याच्या श्वासाला हवा, तहानेला स्वच्छ पाणी, अपघाताला भरपाई आणि म्हातारपणाला आधार दिला. कामगाराने स्वतःला सुधारावे, असे म्हणण्याआधी कामाची जागा सुधारली. तासन्‌तास उभ्या असलेल्या वेटरला ध्यानधारणा शिकवण्यापूर्वी त्याची पाळी किती तासांची आहे, दोन पाळ्यांमध्ये त्याला झोप मिळते का आणि आजारी पडल्यास त्याचा पगार चालू राहतो का, हे पाहण्याची ही रीत होय.

कोणतीही परंपरा आपोआप टिकत नाही, याचा पुरावाही नागपूरनेच दिला आहे. एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून गेली आणि राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. २००२ साली तिचा भोंगा कायमचा थांबला. ज्या गिरणीने कामगारांच्या म्हातारपणाची काळजी सर्वांआधी घेतली, तिच्याच अखेरच्या पिढीतील कामगारांना नोकरी गमवावी लागली.

अपोलो बंदरावरची इमारत मात्र उभी आहे. हल्ल्यात जळालेला तिचा जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. दर्शनी दारातून आत जाणाऱ्याला घुमट आणि जिना दिसतो. कर्मचाऱ्यांची ये-जा दुसऱ्या दाराने होते. हॉटेल कसे चालले आहे, हे जमशेटजी आज पाहायला आले असते, तर ते आधी त्या दुसऱ्या दारापाशी थांबले असते.